रंगीत ज्योतिषशास्त्रीय छायाचित्रण

एकाच खस्थ पदार्थाची निरनिराळ्या रंगगाळण्यांमधून स्वतंत्रपणे कृष्णधवल छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर अचूक जुळवून त्यांपासून एक रंगीत प्रतिमा तयार करण्याच्या पद्धतीस रंगीत ज्योतिषशास्त्रीय छायाचित्रण असे म्हणतात. ठराविक तरंगलांब्यांचाच प्रकाश पलीकडे जाऊ देणारी काच, किंवा काचेवर चढविलेल्या पातळ लेपांचे थर, म्हणजे रंगगाळणी अथवा फिल्टर होय. दूरदर्शकाच्या केंद्राशी बसविलेली छायाचित्रण काच असो वा इलेक्ट्रॉनीय शोधक असो, आपल्यावर किती प्रकाश पडला एवढीच नोंद ती प्रयुक्ती करते. तो प्रकाश कोणत्या रंगाचा होता याची माहिती पुढे बसविलेल्या गाळणीवरूनच मिळते. चित्रात रंग भरण्याचे काम त्यानंतर, पूर्वी अंधारखोलीत व आता संगणकावर, केले जाते. त्यामुळे अशा चित्रातील रंग एका अर्थी मोजलेला असतो, तर दुसऱ्या अर्थी निवडलेला असतो. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावयाची, हा या विषयाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. या इतिहासाचे काही महत्त्वाचे दुवे पुणे शहर व जिल्हा यांच्याशी निगडित आहेत.

नुसत्या डोळ्यांनी हा प्रश्न सुटत नाही. मानवी डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकु-कोशिका मंद प्रकाशात जवळजवळ निष्क्रिय होतात आणि दंड-कोशिका केवळ उजेड व अंधार यांतील भेद जाणतात. म्हणूनच मृग नक्षत्रातील प्रसिद्ध अभ्रिका चांगल्या दूरदर्शकातूनही करड्या, फार तर किंचित हिरवट धुक्यासारखी दिसते. हायड्रोजनाचा तांबडा प्रकाश तिच्यातून विपुल प्रमाणात येत असतो, परंतु एवढ्या मंद पातळीवर तांबड्या टोकाला डोळा बहुतांशी आंधळा असतो. ‘जवळ गेल्यास ती अभ्रिका खरोखर कशी दिसेल?’ असे वाचक नेहमी विचारतात. जवळ गेल्याने तिचे आकारमान वाढलेले दिसेल, पण पृष्ठभागाची तेजस्विता वाढणार नाही. म्हणजे ती तेथूनही फिकटच दिसेल. तेव्हा छायाचित्रातील रंगांची तुलना डोळ्याला दिसणाऱ्या रंगांशी करण्यात फारसा अर्थ नाही.

आरंभ : तीन गाळण्यांचे तत्त्व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १७ मे १८६१ रोजी लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रात्यक्षिकाने दाखविले. टॉमस सटन यांनी त्यांच्यासाठी एका रंगीत पट्टेदार फितीची छायाचित्रे रंगीत द्रावणांतून घेतली होती. तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशात ती एकाच पडद्यावर प्रक्षेपित केल्यावर फितीचे रंग दिसू लागले. त्या काळची पायसे तांबड्या प्रकाशाला मुळीच संवेदनशील नव्हती, मग तांबडी प्रतिमा उमटली कशी, हे कोडे शंभर वर्षे राहिले. फितीच्या तांबड्या भागातून परावर्तित होणारा जंबुपार प्रकाश त्या द्रावणातून निसटून काचेवर उमटला होता, असे १९६१ मध्ये राल्फ एव्हान्स यांनी दाखविले. म्हणजे ज्या चित्रापासून ही पद्धत सुरू झाली, त्या चित्रातील तांबडा रंग अदृश्य प्रकाशावरून घडलेला होता. या विषयाच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने हा योगायोग मोठा सूचक आहे.

पुणे येथील वेधशाळा : भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये वेधशाळा कार्यान्वित झाली. तेथील ग्रब बनावटीच्या परावर्तक दूरदर्शकाच्या आरशाचा व्यास २० इंच (सु. ५१ सेंमी.) होता आणि तो त्या काळी भारतातील सर्वांत मोठा दूरदर्शक होता. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचे विशेष लक्ष वर्णपटांकडे होते. अभ्रिकांच्या वर्णपटात हिरव्या-निळ्या भागात एक ठळक रेषा दिसते. ही रेषा मॅग्नेशियमापासून निघणाऱ्या पट्ट्याची कडा असावी, असे नॉर्मन लॉक्यर यांचे आग्रही प्रतिपादन होते आणि उल्कांपासून विश्वातील ज्योती बनल्या या त्यांच्या उपपत्तीची भिस्त काही अंशी त्यावर होती. तसे असते, तर रेषेची एक बाजू अस्पष्ट होत गेलेली दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनी पुण्याहून मृगातील अभ्रिकेचे वेध घेऊन ही रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव असल्याचे १८९१ मध्ये जाहीर केले. युरोप व अमेरिकेतील निरीक्षकांचे निष्कर्षही लॉक्यर यांच्या विरुद्ध गेले. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजन अणूंपासून, अतिशय विरळ वायूतच निर्माण होऊ शकणारी आहे, हे १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी सिद्ध केले. तिची तरंगलांबी ५००·७ नॅनोमीटर आहे. आजच्या हौशी छायाचित्रकाराच्या गाळण्यांच्या चकतीत ‘ऑक्सिजन-तीन’ नावाची जी गाळणी असते, ती नेमकी हीच रेषा पलीकडे सोडते.

नायगमवाला यांचे दुसरे मोठे कार्य २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे होय. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून ईशान्येकडे गेला होता. लॉक्यर विजयदुर्गास उतरले होते; नायगमवाला यांनी पुण्याहून दौंडमार्गे आग्नेयीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जेऊर (सोलापूर जिल्हा) येथे तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचे पथकही जेऊरलाच होते. खग्रास स्थितीच्या प्रारंभी व शेवटी, सूर्यबिंब झाकलेले असताना, त्याच्या कडेवरील वर्णावरणाची बारीक चंद्रकोर काही क्षण झळकते. भिंगापुढे लोलक ठेवून तिचे छायाचित्र घेतल्यास काचेवर चंद्रकोरींची रांग उमटते व तीतील प्रत्येक कोर एकाच तरंगलांबीच्या प्रकाशाने घडलेली असते. काच कृष्णधवलच असते. कोणती कोर तांबड्या हायड्रोजनाची आणि कोणती जांभळ्या कॅल्शियमाची, हे तिच्या स्थानावरून ठरते. रंगगाळण्यांच्या पद्धतीची ही जणू उलट बाजू आहे : येथे रंगीत दृश्याचे एकवर्णी चित्रांत विघटन होते, तर गाळण्यांच्या पद्धतीत एकवर्णी चित्रांपासून दृश्य पुन्हा उभे केले जाते. जेऊरचा वृत्तांत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडईकनाल येथे गेली. महाराष्ट्रातील प्रायोगिक ज्योतिषशास्त्राची परंपरा यामुळे सु. अर्धशतक खंडित झाली, ही गोष्ट आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासात जेवढी नोंदली जावयास हवी तेवढी नोंदली गेलेली नाही.

काचेपासून फिल्मपर्यंत : अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९१० मध्ये जंबुपार व दृश्य प्रकाशातील चंद्राची छायाचित्रे ताडून पाहिली आणि अॅरिस्टार्कस विवराजवळ डोळ्यांना न दिसणारा एक भेद दाखवून दिला. रंगीत फिल्म निघाल्यावर मात्र ज्योतिर्विदांची काही काळ निराशाच झाली. दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनक्षमता घटत जाते आणि तिच्या तीन थरांत ती सारखी घटत नाही. त्यामुळे तासभराच्या उद्भासनानंतर चित्रावर एखाद्या रंगाची झाक येते. पॅलोमार येथे विल्यम मिलर यांनी या दोषाची दुरुस्ती करून घेतलेली देवयानी दीर्घिका व कर्क अभ्रिका यांची रंगीत छायाचित्रे १९५९ मध्ये गाजली. परंतु खरी वाट सापडली ती मॅक्सवेल यांच्या पद्धतीकडे परत जाण्यात. ऑस्ट्रेलियातील ३·९ मी. व्यासाच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दूरदर्शकावर डेव्हिड मॅलिन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तीन गाळण्यांतून तीन कृष्णधवल काचा घेऊन अंधारखोलीत त्या रंगीत फिल्मवर एकामागून एक प्रक्षेपित करण्याचे तंत्र परिपूर्णतेस नेले. नंतरच्या सॉफ्टवेअरांतील कित्येक क्रिया मॅलिन यांनी काचा, मुखवट्यासारखी पुसट प्रत व विवर्धक यांच्या साहाय्याने हातांनी केल्या होत्या.

निवड चुकल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण याच दशकातील आहे. व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी प्रसृत झालेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर होते. चित्रे जुळविणाऱ्यांनी तीन गाळण्यांतील प्रतिमांचे प्रमाण पृथ्वीवरील अनुभवाला मानवेल असे लावले होते. यानावर बसविलेल्या रंगांच्या नमुनापट्टीशी ताळा केल्यावर मंगळाचे आकाश धुळीमुळे फिकट गुलाबी-नारिंगी असल्याचे स्पष्ट झाले व चित्र बदलावे लागले. मूळ मोजमापे दोन्ही वेळा तीच होती.

संगणकावरील प्रक्रिया : विद्युत् भार युग्मित प्रयुक्ती, म्हणजेच सीसीडी, १९६९ मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधून काढली, ज्योतिर्विदांमध्ये चित्रांच्या देवाणघेवाणीसाठी फिट्स ही संगणकीय मांडणी १९८१ मध्ये रूढ झाली. या दोहोंमुळे छायाचित्र म्हणजे अंकांचा तक्ता बनला. साध्या रंगीत कॅमेऱ्यात शोधकाच्या प्रत्येक चार चित्रांशांपैकी एकावर तांबडी, दोहोंवर हिरवी व एकावर निळी सूक्ष्म गाळणी कायमची चिकटविलेली असते. हायड्रोजनाच्या ६५६·३ नॅनोमीटर रेषेचे चित्र अशा कॅमेऱ्याने घेतल्यास जेमतेम चौथा हिस्सा चित्रांश उपयोगी पडतात. एकवर्णी शोधकापुढे गाळण्यांची फिरती चकती ठेवल्यास प्रत्येक चित्रांश प्रत्येक रंगासाठी कामास येतो. गैरसोय एवढीच की, तीन रंगांची चित्रे एकाच वेळी घेता येत नाहीत. गुरू हा ग्रह ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो; त्याची तीन चित्रे काही मिनिटांत उरकली नाहीत, तर पट्ट्यांच्या कडांना तांबडी-निळी किनार दिसते.

प्रथम प्रत्येक गाळणीतील चित्र शुद्ध केले जाते. झाकण लावून घेतलेले चित्र वजा केले की शोधकाच्या उष्णतेमुळे निर्माण झालेले खोटे संकेत जातात. समान उजळलेल्या पृष्ठभागाच्या चित्राने भागले की गाळणीवरील धूळ व कडांकडील काळोखी जाते. हे काम गाळणीगणिक वेगळे करावे लागते. नंतर ताऱ्यांच्या स्थानांवरून सर्व चित्रे चित्रांशाच्या अंशापर्यंत जुळवून त्यांची सरासरी काढतात. एखाद्या कृत्रिम उपग्रहाने ओढलेली रेघ एकाच चित्रात असते, म्हणून ती सरासरी काढताना वगळता येते.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. शोधकाने नोंदविलेल्या अंकांच्या पातळ्या सर्वसाधारणपणे ६५,५३६ पर्यंत असतात, तर सर्वसामान्य पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्याच दिसतात. शिवाय अभ्रिकेचा मध्य व तिची कड यांच्या तेजात हजारो पटींचा फरक असू शकतो. सरळ प्रमाण लावले तर मध्यभाग तेवढा दिसतो व बाकी सारे काळे राहते. लघुगणकीय प्रमाण लावले तर पार्श्वभूमीचा कलकलाट वर येतो. रॉबर्ट लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचविलेले सूत्र मंद भागात सरळ प्रमाणाप्रमाणे व तेजस्वी भागात लघुगणकाप्रमाणे वागते. त्यांच्या सूचनेतील महत्त्वाचा भाग असा की, हे सूत्र तिन्ही रंगांना वेगवेगळे न लावता त्यांच्या एकत्रित तेजाला लावावे व रंगांचे परस्पर गुणोत्तर कायम ठेवावे. वेगवेगळे लावल्यास सर्व तेजस्वी तारे पांढरे होतात आणि तप्त निळा तारा व शीत तांबडा तारा यांतील भेदच नाहीसा होतो. पांढरा रंग कशाला मानावयाचा हेही ठरवावे लागते. बहुधा सूर्यासारख्या वर्णपटाचा एखादा तारा प्रमाण धरतात.

नियुक्त रंग : वर्णपटातील अरुंद पट्टे वापरल्यास रंगांची नेमणूक अपरिहार्य होते. हबल दूरदर्शकाने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेले गरुड अभ्रिकेतील वायुस्तंभांचे चित्र जगभर पोचले. जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी ३२ चित्रांपासून ते सिद्ध केले. त्यात गंधकाच्या ६७३ नॅनोमीटरजवळील प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनाच्या ६५६ ला हिरवा आणि ऑक्सिजनाच्या ५०१ ला निळा रंग दिला होता. गंधक व हायड्रोजन या दोहोंचा प्रकाश वस्तुतः तांबडाच आहे. नैसर्गिक रंग ठेवले असते, तर त्यांतील भेद दिसलाच नसता. मात्र तरंगलांब्यांचा क्रम पाळलेला आहे : सर्वांत लांब ती तांबडी, सर्वांत आखूड ती निळी. जेम्स वेब दूरदर्शकाच्या २०२२ पासूनच्या अवरक्त चित्रांतही सामान्यतः हाच क्रम पाळला जातो. अशा चित्रांना ‘खोट्या रंगांची चित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. नकाशातील समोच्चरेषांच्या पट्ट्यांना कोणी खोटे म्हणत नाही. सूची न दिलेला नकाशा मात्र निरुपयोगी असतो. तसेच कोणत्या गाळणीला कोणता रंग दिला याची नोंद नसलेले चित्र शोभेचे ठरते.

नियुक्त रंगांमुळे शोधही लागतात. स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या चित्रांत हिरवी, तांबडी व अवरक्ताजवळची या तीन गाळण्यांना अनुक्रमे निळा, हिरवा व तांबडा रंग दिलेला असतो. या चित्रांतून दीर्घिकांची वर्गवारी करणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना काही इवल्या, गोल, हिरव्यागार दीर्घिका दिसल्या व त्यांनी त्यांचे नाव ‘वाटाणे’ असे ठेवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या दीर्घिकांत अतिशय वेगाने तारे जन्मत असून त्यांच्यातील ऑक्सिजनाची ५००·७ नॅनोमीटरची रेषा, दीर्घिका दूर जात असल्यामुळे, तांबड्या गाळणीच्या क्षेत्रात सरकलेली असते. म्हणून त्या हिरव्या दिसतात. पुण्याहून १८९१ मध्ये ज्या रेषेच्या कडा तपासल्या गेल्या, तीच ही रेषा.

आयुका व नंतर : पुणे येथे १९८८ मध्ये जयंत विष्णु नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था स्थापन झाली. तिची वेधशाळा आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे, पुण्यापासून सु. ८० किमी. अंतरावर, २००६ मध्ये सुरू झाली. शिरूर तालुका याच आंबेगावला लागून आहे. तेथील दूरदर्शकाचा आरसा २ मी. व्यासाचा आहे. त्यावरील आयफॉस्क या उपकरणात गाळण्या बसवून चित्रे घेता येतात व जाळी बसवून वर्णपटही घेता येतो. म्हणजे गाळणीतून रंगाचा अंदाज आणि वर्णपटातून त्याची खातरजमा, ही दोन्ही कामे एकाच उपकरणाने होतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे केंद्र असलेल्या, ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या निरीक्षणांना तर स्वाभाविक असा कोणताच रंग नाही. भुजंगधारी दीर्घिकासमूहातील प्रचंड स्फोटाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र पाहावे : त्यात खोडदच्या रेडिओ निरीक्षणांना निळा, क्ष-किरणांना गुलाबी व अवरक्त प्रकाशाला पांढरा रंग दिलेला आहे. येथे रेडिओ तरंग सर्वांत लांब असूनही त्यांना निळा रंग मिळाला, अर्थात वर सांगितलेला क्रम मोडला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ यानावरील आयुकात सिद्ध झालेला सूट हा दूरदर्शक सूर्याची २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील चित्रे ११ गाळण्यांतून घेतो. त्यांपैकी ८ अरुंद व ३ रुंद पट्ट्याच्या आहेत. जेऊरच्या काचांत रांगेने उमटलेल्या एकवर्णी प्रतिमांचे हे आजचे रूप म्हणता येईल, आणि यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही.

शिरूर व दौंड परिसर : एकवर्णी कॅमेरे व गाळण्या हौशी निरीक्षकांच्या आवाक्यात आल्यावर प्रश्न उरतो तो काळोख्या आकाशाचा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे; परंतु शहराचे आकाश उजळत गेल्याने मंद अभ्रिकांसाठी बाहेर जाणे भाग पडते. पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. पावसाळ्यानंतर, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च, कोरड्या हवेच्या रात्री येथे पुष्कळ मिळतात. उलटपक्षी रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींचा उजेड क्षितिजावर चढतो आणि ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळल्याचा धूर निळा प्रकाश अधिक विखुरतो. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरजवळ एकवटलेला असे व तो गाळणीने बाजूला काढता येई. नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश साऱ्या वर्णपटावर पसरतो, म्हणून काही नॅनोमीटर रुंदीची गाळणीच उपयोगी पडते, आणि तारे व दीर्घिका यांच्या सलग वर्णपटाच्या बाबतीत तीही निरुपाय होते.

सु. १८·५° उत्तर अक्षांशाचा एक लाभ येथील निरीक्षकाला मिळतो, जो युरोपातील निरीक्षकाला मिळत नाही. नौकातल तारकासमूहातील मोठी अभ्रिका मार्चच्या सुमारास मध्यरात्री दक्षिण क्षितिजावर सु. १२° उंचीवर येते. या उंचीवर तिच्या प्रकाशाला डोक्यावरील ताऱ्याच्या मानाने जवळजवळ पाचपट जाड वातावरण ओलांडावे लागते व त्यात निळ्या प्रकाशाचा क्षय तांबड्याहून पुष्कळच जास्त होतो. दुरुस्ती न करता तीन चित्रे जुळविल्यास सारी अभ्रिका विटकरी दिसते. यासाठी निळ्या गाळणीतील चित्रे अभ्रिका मध्यान्हवृत्तावर असताना, म्हणजे तिच्या सर्वाधिक उंचीच्या सुमारास घेतात, तिला अधिक वेळ देतात आणि तांबडी चित्रे उगवती-मावळतीकडील वेळेसाठी राखून ठेवतात. वातावरणीय प्रणमनामुळे निळी प्रतिमा तांबडीच्या मानाने किंचित वर सरकलेली असते, म्हणून ताऱ्यांवरून जुळवणी करतानाही प्रत्येक गाळणीचे स्थानांतर वेगळे धरावे लागते. त्याच रात्री, त्याच उंचीवरील सूर्यसदृश ताऱ्याची तिन्ही गाळण्यांतून चित्रे घेऊन ठेवल्यास क्षयाचे प्रमाण थेट मोजता येते.